आधी सीट, मग ट्रान्सफर: पॉइंट्सवर मुंबई–फ्रँकफर्ट–टोरंटो



बिझनेस कार्डावर पॉइंट्स कसे जमतात ते व्हिडिओत पाहिलं. आता ते वापरायचे कसे, ते बघू. वर्षभर डिस्ट्रिब्युटरची बिलं कार्डाने भरून जमवलेले पॉइंट्स म्हणजे आपलाच पैसा. पण बँकेचे पॉइंट्स एकदा एअरलाइनकडे ट्रान्सफर केले की सहसा परत येत नाहीत. म्हणून नियम एकच: आधी सीट, मग ट्रान्सफर.

समजा, मुलगी टोरंटोला शिकते. तिला भेटायला जायचंय आणि वाटेत चार दिवस जर्मनी बघायचीय. अशा वाटेतल्या मुक्कामाला स्टॉपओव्हर म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण २४ तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर ते नुसतं कनेक्शन. त्याहून जास्त थांबलात तर स्टॉपओव्हर.

एअर कॅनडाच्या एअरोप्लॅन प्रोग्राममध्ये एका बाजूच्या तिकिटावर ५,००० जादा पॉइंट्स देऊन असा एक मुक्काम घेता येतो. कॅनडा-अमेरिकेत मात्र नाही. एअर कॅनडा आणि लुफ्तान्सा दोन्ही स्टार अलायन्समध्ये आहेत, एअर इंडियाही २०१४ पासून आहे. त्यामुळे मुंबई–फ्रँकफर्ट एका कंपनीचं विमान, फ्रँकफर्ट–टोरंटो दुसरीचं, पण तिकीट एकच, असं जमतं.

आता क्रमाने चला.

१. तुकडे करून शोधा. दोन्ही टप्पे वेगवेगळे सर्च करा. विमानात जागा दिसते म्हणून ती पॉइंट्सवर मिळेलच असं नाही. पार्टनरसाठी मोजक्याच सीट सोडलेल्या असतात. तारीख आणि फ्लाइट नंबर वहीत लिहा. दुसऱ्या पसंतीची तारीखही लिहा.

२. मग जोडून बघा. मल्टी-सिटी किंवा स्टॉपओव्हरचा पर्याय निवडा. वेबसाइटवर जुळलं नाही तर कॉल सेंटरला तेच फ्लाइट नंबर सांगा. फोन बुकिंगला वेगळी फी लागू शकते, ती आधीच विचारा.

३. हिशोब मांडा. समजा रोखीचं तिकीट ९०,००० रुपये आहे. पॉइंट्सवर ६०,००० माइल्स आणि वर १२,००० रुपये टॅक्स. वाचले ७८,०००, म्हणजे माइलमागे १ रुपया ३० पैसे. पण बँक २ पॉइंट्सला १ माइल देत असेल, तर कार्डाच्या पॉइंटला ६५ पैसेच पडले. शॉपिंग व्हाउचरवर यापेक्षा जास्त मिळत असेल, तर व्हाउचर घ्या!

४. व्हिसा बघा. फ्रँकफर्टला एअरपोर्टबाहेर पडायचं तर भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, आणि पुढे कॅनडाचा वेगळा. दोन्हींचा खर्च आणि वेळ हिशोबात धरा. तिकीट रद्द करायची फी किती, तेही वाचून ठेवा.

५. शेवटी ट्रान्सफर. काही बँकांचे पॉइंट्स लगेच जातात, काहींना दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. म्हणून तर दुसरी तारीख हाताशी हवी. गरजेपुरतेच पॉइंट्स पाठवा.

दुकानात आपण गिऱ्हाईक पक्कं झाल्याशिवाय स्पेशल ऑर्डरचा माल उचलत नाही ना? इथेही तेच. आज फक्त एक करा: कार्डाचं ॲप उघडा, पॉइंट्स किती आहेत, कधी एक्स्पायर होतात आणि कोणत्या एअरलाइनला किती रेशोने जातात, हे तीन आकडे वहीत लिहा. सीटचा शोध तिथूनच सुरू होतो.