सह्याद्रीचा दम आणि लडाखची हवा

खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर गाठणं म्हणजे उभी चढाई, त्यात कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या. कर्जत-खालापूरची कितीतरी पोरं हा घाट फारसं न थांबता चढतात. पुढे त्यातलंच कुणी विमानाने थेट लेहला उतरतं, आणि मनात असतं, ‘आपल्याला काय होणार?’ मला काळजी वाटते ती याच भरवशाची.

माथेरान 800 मीटर, कळसूबाई 1646. उंचीवर फुप्फुसात पाणी होण्याचा आजार बहुतेक 2500 मीटरच्या वरचा, त्यामुळे महाराष्ट्रात कुठेही चढलं तरी त्याची गाठ पडत नाही. लेह 3500 मीटरवर आहे. तिथे एका श्वासात सपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो.

ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातली रक्तवाहिनी आकसते. एरवी ही सोयच आहे. न्यूमोनियाने एक कोपरा निकामी झाला, तर रक्त चांगल्या भागाकडे वळतं. उंचीवर मात्र ऑक्सिजन सगळीकडेच कमी. वाहिन्या सगळीकडे आकसतात, पण सारख्या नाही. राजनाला कालव्याच्या काही चाऱ्या बंद केल्या की उरलेल्या तुडुंब होऊन काठ फोडतात, तसं उघड्या राहिलेल्या वाहिन्यांत रक्ताचा लोट घुसतो. तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंती अतिशय पातळ. त्या झिरपू लागतात आणि वायुकोशांत पाणी भरतं.

आता यात व्यायाम आणा. स्वस्थ बसलेल्याचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं, कसलेल्याचं जोराच्या चढावर वीसच्याही वर. म्हणजे पहिल्याच दिवशी तिथे धावाधाव करणारा तगडा गडी त्या चिंचोळ्या वाटेत जास्तच रक्त रेटतो. कमावलेला दम इथे ढाल होत नाही.

काहींच्या फुप्फुसातला दाब सपाटीवरही, नुसती व्यायामाची सायकल मारताना, इतरांपेक्षा जास्त चढतो. हा आजार होऊन गेलेल्यांत हे इकोवर दिसलं आहे. मग कर्जतमध्येच तपासून निघावं का? आजार झालेले आणि न झालेले, या दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की, एकट्यादुकट्याला खात्रीने सांगता येत नाही. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे पूर्वी हा आजार झालेला असणं. तसं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावंच. निफेडिपिन हे दाब उतरवणारं औषध अशांना प्रतिबंधासाठी देतात.

1962च्या भारत-चीन युद्धात सपाटीवरचे जवान घाईने उंचीवर पोचवले गेले, आणि धडधाकट तरुणांनाही हा आजार झाला. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं.

लेहला पहिले दोन दिवस विश्रांती, आणि पुढे मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरहून जास्त वाढवायची नाही. आजार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डोकं काढतो, अनेकदा रात्री. कोरडा खोकला, मग बसल्या जागी धाप, ओठ निळसर, शेवटी फेसाळ गुलाबी थुंकी. पण पहिली खूण याहून साधी असते. नेहमी पुढे असणारा आज मागे पडतो. त्याला चिडवू नका, तिथेच थांबवा. ट्रेकवर असाल तर त्याला लगेच खाली उतरवा. लेहमध्येच असाल तर रस्त्याने लडाखबाहेर पडताना आणखी उंच खिंडी लागतात, म्हणून गाडी काढण्याआधी त्याला तिथल्या रुग्णालयात ऑक्सिजनवर ठेवा.