शोधनिबंध छापला कोठे जातो?

नांदगावच्या तिठ्यावरून एक रस्ता देवगडकडे वळतो. त्याच देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव. १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू करणारे संपादक म्हणून ते सर्वश्रुत आहेत. मात्र १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून त्यांनी शास्त्रीय विषय मराठीत आणले आणि कोकणातील शिलालेख व ताम्रपट यांवरील त्यांचे संशोधन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झाले, ही बाब क्वचितच सांगितली जाते. माहिती लोकांसाठी मराठीत आणि संशोधन विद्वानांसाठी इंग्रजीत, ही विभागणी इतकी जुनी आहे.

मालवण येथे १८८४ साली जन्मलेले डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना सह्याद्रीत भ्रमंती करीत. तेथील नदीत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. त्याचे शास्त्रीय वर्णन व नामकरण मात्र कलकत्त्याच्या संग्रहालयाचे अधीक्षक नेल्सन ॲनन्डेल यांनी केले. शास्त्राच्या संकेतानुसार प्रजातीच्या नावापुढे वर्णनकर्त्याचे नाव लागते, शोधणाऱ्याचे नव्हे. यात ॲनन्डेल यांचा दोष नाही. तुलनेसाठी लागणारे नमुने आणि ग्रंथ जेथे होते, तेथेच वर्णन होणे क्रमप्राप्त होते. पुढे आघारकरांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारली. १९९२ पासून तिची संशोधन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

संस्थांप्रमाणेच नियतकालिकेही स्वतःची असावी लागतात. रामन यांनी १९२८ मधील आपला गाजलेला शोध ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापला आणि त्याच्या प्रती परदेशी शास्त्रज्ञांना पाठविल्या. १९३२ मध्ये बंगळुरूहून ‘करंट सायन्स’ निघू लागले. तथापि १९६४ मध्ये अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांची उद्धरण-सूची सुरू झाल्यावर एक नवीच अडचण उद्भवली. सूचीत विकसनशील देशांची नियतकालिके थोडी होती. आणि जो निबंध सूचीत नाही, तो जगाच्या दृष्टीने जणू लिहिलाच गेला नाही. ब्राझीलने १९९८ मध्ये ‘सायेलो’ ही विनामूल्य वाचनाची व्यवस्था उभारून त्यास उत्तर दिले.

आज शोधनिबंधांच्या संख्येत चीन व अमेरिका यांच्यानंतर भारताचा क्रम लागतो. संशोधनावरील खर्च मात्र २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के इतकाच होता. निबंधांबरोबर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही वाढली, हे मान्य केलेच पाहिजे. परदेशी नियतकालिकांच्या वर्गणीसाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा लाभ शासकीय उच्च शिक्षण संस्था व केंद्रीय प्रयोगशाळांना आहे. जिल्हा परिषदेची शाळा तिच्या कक्षेत येत नाही.

ग्रामपंचायतीचा या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आंबोलीजवळ हिरण्यकेशीच्या उगमस्थानी, देवालयाच्या कुंडात एक लहान मासा राहतो. ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने त्याचे वर्णन २०२० मध्ये भारतीय संशोधकांनीच केले. छापले मात्र इटलीतून निघणाऱ्या ‘ॲक्वा’ या नियतकालिकात. त्या निबंधाआधी हा मासा विज्ञानाच्या दप्तरी नव्हता. निबंधानंतर, २०२१ मध्ये, राज्य शासनाने ते स्थळ जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. अनेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात जाते. नोंदीत स्थळ, दिनांक, ऋतू, स्थानिक नाव व छायाचित्र एवढे असले, तरी पुढे येणाऱ्या संशोधकास तिचा आधार घेता येतो. ही नोंद मराठीतच होते, आणि ती करण्यास शाळेतील विज्ञान शिक्षकाइतका सोयीचा माणूस गावात दुसरा नसतो.