शुल्क माफ झाले, पण मुक्कामाचे काय?

बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता सवयीची झाली आहे. स्वतंत्र विभागीय मंडळ अस्तित्वात आल्यापासून हा विभाग सातत्याने आघाडीवर राहिला आहे आणि त्या यशात सिंधुदुर्ग जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. मात्र निकालाचे पेढे वाटून होताच मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील अनेक घरांत दुसरीच चर्चा सुरू होते. गुण तर मिळाले. आता पुढच्या तीन-चार वर्षांचा खर्च कसा पेलायचा?

हा प्रश्न येथे अधिक बिकट होण्याचे कारण पैशाच्या रकमेइतकेच पैशाच्या वेळेत आहे. हापूस आणि काजूचा पैसा मार्च ते मे या काळात हाती येतो. तारकर्ली-देवबागची निवास-न्याहारी चालते ती दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत. जून उजाडला, की मासेमारी बंदी लागू होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, किल्ल्याकडची प्रवासी वाहतूक थांबते. नेमक्या याच दिवसांत प्रवेशफेऱ्या सुरू होतात आणि महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृहाची अनामत, पुस्तके, प्रवास असे सारे खर्च एकदम दारात उभे राहतात. घरात मुलगा आणि मुलगी दोघेही शिकत असतील, तर अशा वेळी ‘मुलीने इथेच काहीतरी करावे’ असा निर्णय फारशा वादाविना होऊन जातो. तो टाळायचा असेल, तर खर्चाचे गणित निकालानंतर नव्हे, निकालापूर्वी मांडावे लागते.

दोन खर्च, दोन हिशेब

उच्च शिक्षणाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. एक शिक्षण शुल्काचा, दुसरा घराबाहेर राहण्याचा. शासकीय योजनांचा भर प्रामुख्याने पहिल्या भागावर आहे. सिंधुदुर्गातील कुटुंबाला अनेकदा जड जातो तो दुसरा भाग. मालवणचे शासकीय तंत्रनिकेतन, मुळदे येथील उद्यानविद्या महाविद्यालय, ओरोसचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि तालुक्याच्या ठिकाणची कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालये यांमुळे जिल्ह्यातच शिकण्याची सोय पूर्वीपेक्षा वाढली आहे. तरीही आवडीच्या शाखेसाठी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत.

एके काळी ही अडचण नात्यागोत्यातून सुटत असे. मुंबईच्या गिरणगावात गावोगावच्या मंडळांच्या सामायिक खोल्या होत्या. चाकरमान्यांबरोबर शिकणारा पोरही तेथे पथारी टाकी आणि खानावळीत जेवे. १९८२च्या गिरणी संपानंतर ते गिरणगाव उरले नाही, आणि नातेवाइकाच्या घरी चार वर्षे राहणे आज दोन्ही बाजूंना अवघड वाटते. पूर्वी नात्यातून भागणारा मुक्काम आता रोख पैशात मोजावा लागतो. म्हणूनच त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करायला हवा.

आधी शुल्क कमी करा

पहिली पायरी कर्जाची नाही, सवलतीची आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्याखाली व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासन देते. २०२४-२५पासून याच उत्पन्न मर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काचा पूर्ण लाभ देण्याचा निर्णय झाला. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा, ही यातील महत्त्वाची अट आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतल्यास हा लाभ मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी शिष्यवृत्ती व शुल्क प्रतिपूर्तीच्या वेगळ्या योजना आहेत. राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरावे लागतात.

तंत्रशिक्षणाकडे वळणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफीच्या पाच टक्के अतिरिक्त जागा असतात आणि त्या गुणवत्तेनुसार भरल्या जातात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती मुलींसाठी असून, निवड झाल्यास वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांत असणाऱ्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. तिच्यात पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२ हजार रुपये मिळतात. चांगल्या निकालाच्या जिल्ह्याने ही संधी दवडू नये.

मुक्कामाची सोय

विद्यार्थ्याला राहायला जागा मिळाली तरच शिक्षण त्याच्या आवाक्यात येते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले होते. सह्याद्रीपलीकडच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१पासून वसतिगृहांना आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून वसतिगृहाला श्रमाची जोड देऊन ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजवले. पुण्यात १९५५मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींच्या निवास-भोजनाचा प्रश्न हाच तिच्या कार्याचा गाभा राहिला.

ही परंपरा आजही उपयोगी पडते. समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेतून अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांना आधार मिळतो. पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय वा उद्यानात तासांच्या हिशेबाने काम करून मासिक खर्चाचा काही भाग उचलू शकतात. या जागा मर्यादित असतात. त्यामुळे महाविद्यालय निवडतानाच तेथील वसतिगृहाची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. कमी शुल्काचे पण वसतिगृह नसलेले महाविद्यालय अखेरीस महाग पडू शकते.

उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज

सवलत आणि भत्ता वजा जाता जी तूट उरेल, तेवढ्यापुरते शैक्षणिक कर्ज घ्यावे. चार लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा दंडक आहे. शुल्काबरोबर वसतिगृह, पुस्तके, संगणक यांचा खर्चही कर्जात धरता येतो, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेनुसार निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळू शकते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलतीची तरतूदही तिच्यात आहे.

कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. पण व्याजाचे चाक पहिल्या हप्त्यापासूनच फिरू लागते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी प्रत्येक वर्षाच्या आरंभी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये दहा टक्के सरळव्याजाने घेतले. परतफेड सुरू होईपर्यंत पाच वर्षांत व्याज होईल १ लाख ४० हजार. ते न भरल्यास मुद्दल ५ लाख ४० हजारांचे होते आणि दहा वर्षांच्या मुदतीसाठी मासिक हप्ता सुमारे ७,१३६ रुपये बसतो. व्याज वेळच्या वेळी भरले, तर हप्ता सुमारे ५,२८६ रुपयांवर राहतो. आधी भरलेले व्याज जमेस धरूनही एकूण सुमारे ८२ हजार रुपये वाचतात. पहिल्या वर्षीचे व्याज केवळ दहा हजार आहे. बागायतदाराला ते आंब्याच्या हंगामात, मच्छीमाराला होड्या समुद्रात असतानाच्या दिवसांत भरता येण्याजोगे आहे. सावकाराचा किंवा सोनेतारणाचा मार्ग धरण्यापूर्वी हा हिशेब पालकांनी एकदा कागदावर मांडून पाहावा.

जूनची तयारी एप्रिलात

या सर्व योजनांत विद्यार्थी मागे पडतो तो बहुधा कागदांपाशी. तहसीलदारांचे उत्पन्न प्रमाणपत्र, अधिवास दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले विद्यार्थ्याच्या नावाचे बँक खाते ही मूळ शिदोरी आहे. बागायती वा मासेमारीच्या उत्पन्नाची पगारपत्रकासारखी नोंद नसते, त्यामुळे येथे उत्पन्नाच्या दाखल्याला अधिक वेळ लागू शकतो. जात वैधतेचा अर्ज तर अकरावी-बारावीतच केलेला बरा. नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्न दाखला एप्रिल-मे महिन्यांत काढला, तर जूनमधील धावपळ टळते. शिष्यवृत्तीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, हेही विसरून चालणार नाही.

पावसाळ्यापूर्वी होडी शाकारून ठेवणे, कौले परतणे ही कोकणातील घराघरांची जुनी शिस्त आहे. मुलांच्या शिक्षणाच्या पैशालाही तीच शिस्त लागू पडते. आधी सवलत, मग मुक्कामाची सोय आणि शेवटी, उरलेल्या तुटीपुरतेच कर्ज हा क्रम पाळला, तर एका मुलाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचे, विशेषतः मुलीचे, शिक्षण थांबवण्याची वेळ बऱ्याच घरांवरून टळू शकेल.