मॅथ्यूज अरीना : शहराचे बर्फमैदान, विद्यापीठाचा वारसा

विद्यापीठाचे क्रीडागृह म्हटले की ते विद्यापीठानेच बांधलेले असणार, असा आपला समज असतो. अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या मॅथ्यूज अरीनाचा इतिहास मात्र वेगळा आहे. ही वास्तू १६ एप्रिल १९१० रोजी ‘बॉस्टन अरीना’ या नावाने खुली झाली आणि विद्यापीठाच्या मालकीची झाली ती थेट १९७९ साली.

त्या काळी आइस हॉकी हा प्रामुख्याने गोठलेल्या तळ्यांवरचा खेळ होता. थंडीने ओढ दिली की सामनाही लांबणीवर पडे. बंदिस्त रिंकमध्ये जमिनीखालच्या नळ्यांतून अतिथंड खारे पाणी फिरवून वर बर्फाचा थर धरला जातो. या कृत्रिम बर्फामुळे खेळ हवामानाच्या लहरीतून सुटला, त्याला वेळापत्रक मिळाले आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षकही. १९१८ च्या आगीत बॉस्टन अरीनाची मोठी हानी झाली, पण ते पुन्हा उभारण्यात आले.

१ डिसेंबर १९२४ रोजी बॉस्टन ब्रुइन्सने येथे माँट्रियल मरून्सचा २-१ असा पराभव केला. नॅशनल हॉकी लीगचा अमेरिकेच्या भूमीवरील तो पहिला सामना होय. १९२८ मध्ये भव्य ‘बॉस्टन गार्डन’ उभे राहिले आणि ब्रुइन्स तिकडे गेले. तरीही १९४६ मध्ये बास्केटबॉलच्या सेल्टिक्स संघाचा घरच्या मैदानावरील पहिला सामना याच जुन्या अरीनात झाला. त्या दिवशी सरावातच चक कॉनर्स या खेळाडूकडून बास्केटमागचा फलक फुटला आणि सामना खोळंबला. हेच कॉनर्स पुढे ‘द रायफलमॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेचे नायक म्हणून घराघरांत पोहोचले!

व्यावसायिक संघ आले आणि गेले. या बर्फाला खरा आधार दिला तो विद्यार्थ्यांनी. हार्वर्ड, बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि नॉर्थईस्टर्न हे चारही संघ कधी ना कधी याला आपले घर मानत. त्यांच्यातील प्रसिद्ध ‘बीनपॉट’ स्पर्धाही डिसेंबर १९५२ मध्ये येथेच सुरू झाली. घेवडा शिजवण्याच्या मडक्याचे नाव चषकाला देणारे हे शहर तसे विनोदीच म्हणायचे. पुढे बॉस्टन कॉलेजने १९५८ मध्ये आणि बॉस्टन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये स्वतःची रिंक बांधली. हार्वर्डनेही आधीच आपली सोय केली होती. नॉर्थईस्टर्न तेवढे मागे उरले आणि १९७९ मध्ये त्याने ही इमारतच विकत घेतली. १९८२ मध्ये माजी विद्यार्थी व देणगीदार जॉर्ज मॅथ्यूज यांचे नाव तिला देण्यात आले. दिमाखदार बॉस्टन गार्डन १९९८ मध्ये जमीनदोस्त झाले, तेव्हा त्याच्याहून अठरा वर्षांनी थोरली ही वास्तू विद्यार्थ्यांच्या घोषणांनी दुमदुमत होती. वापरात असलेले जगातील सर्वांत जुने बंदिस्त आइस हॉकी मैदान, अशी तिची ख्याती झाली.

मात्र जुन्या बांधकामाच्या सुरक्षिततेचा प्रश्न डागडुजीने सुटेना. अखेर ते पाडून नवे क्रीडासंकुल उभारण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला. वारसाप्रेमींची हळहळ रास्तच आहे; पण हजारो प्रेक्षक ज्या छपराखाली बसतात, त्याच्या मजबुतीचा हिशेब भावनेवर मांडता येत नाही, हेही तितकेच खरे. १३ डिसेंबर २०२५ रोजी येथे शेवटचा सामना झाला. प्रतिस्पर्धी होता कधीकाळी याच छपराखाली नांदलेला बॉस्टन युनिव्हर्सिटीचा संघ. त्याच जागी २०२८ मध्ये नवे संकुल खुले करण्याची विद्यापीठाची योजना आहे.