सगळेच जंतू वैरी नसतात

बदनापूरच्या शिवारात तुरीचे एखादे हिरवे रोप हलक्या हाताने मुळासकट उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो. नवख्या माणसाला वाटेल, मुळाला रोग लागला! पण या गाठी रोगाच्या नव्हेत. त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र तुरीला देतात आणि तूर त्यांना अन्न देते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने 'बीडीएन ७११' सारखे तुरीचे वाण दिले; तुरीच्या बियाण्याला पेरणीपूर्वी हेच जिवाणू चोळण्याची शिफारस असते.

अशीच देवाणघेवाण आपल्या पोटातही चालते. आपल्या शरीरात जितक्या पेशी, जवळजवळ तितकेच जिवाणू असतात. बहुतेकांचे घर मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचणारा चोथा ते पचवतात, के जीवनसत्त्व तयार करतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत आणि प्रतिकारशक्तीला वळण लावतात. त्यांचे अन्न महाग नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी यांवर ते पोसले जातात. दही-ताकातले जिवाणूही उपकारकच.

मग वैरी कोण? दूषित पाण्यातून येणारे पटकी, हगवण, विषमज्वराचे जंतू. उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरणारा प्लेगचा जंतू. मुंबईत प्लेग पसरला असताना डॉ. हाफकिन यांनी मारलेल्या प्लेगजंतूंपासून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. लस नुकतीच जन्मली होती. आज बाळाला सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. ती शरीराला शत्रूची आधीच ओळख करून देते. म्हणून लसीची तारीख चुकवू नका.

आणखी एक चूक घरोघरी होते. सर्दी झाली की दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या जातात. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. त्यांच्यावर या गोळ्या चालत नाहीत. उलट पोटातले मित्र मरतात आणि वाचलेले रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात. डॉक्टरांनी दिल्याशिवाय गोळी घेऊ नये. दिली तर मध्येच सोडू नये.

पिण्याचे पाणी उकळून झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे. शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. हे काम एकट्या आईचे नव्हे. वडिलांनी व मुलांनीही ते करावे.

लेकराला जुलाब झाले तर ओआरएस पाजावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचाच घ्यावा. घोट घोट पाजत राहावे. अंगावरचे दूध व जेवण बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. डोळे खोल गेले, मूल मलूल पडले किंवा शौचात रक्त दिसले तर तडक दवाखाना गाठावा.

तुरीला आपले मित्र कळतात. आपणही आपले ओळखू या.