काळ्या रानातले दोन पांढरे थर

कऱ्हा ही बारामतीची नदी आहे, हे विधान भूगोलाच्या पुस्तकापुरते बरोबर आहे. पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावलेली ही नदी सासवडला संगमेश्वरापाशी चांबळीला पोटात घेते, जेजुरीजवळ नाझऱ्याच्या धरणात अडते, मोरगावावरून बारामतीला येते आणि सोनगावला नीरेत मिसळते. लग्नात करवलीच्या हाती पाण्याने भरलेला जो कऱ्हा असतो त्याच्याशी लोकपरंपरा नदीचे नाव जोडते आणि तो कऱ्हा ब्रह्मदेवाचा होता असे सांगते. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखातील नदीला हे नाव शोभते. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला येते, बाबूजी नाइकांचा वाडा तिच्या काठावर उभा राहिला, त्यांच्याच आश्रयाने मोरोपंत १७९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत बारामतीत आर्या रचत राहिले आणि अत्र्यांनी आत्मचरित्राला तिच्या पाण्याचे नाव दिले, हे सर्व मराठी वाचकाला पाठ आहे. त्या मानाने या खोऱ्यातील मातीकडे कोणी फारसे वळून पाहिलेले नाही. तिच्यात पांढऱ्या रंगाचे दोन थर आहेत, आणि दोन्हींवरून विद्वानांत व अधिकाऱ्यांत वाद झाले आहेत.

त्यांपैकी पहिला थर मोरगावचा. दख्खनच्या पठारावरील नद्या आज आपल्याच जुन्या गाळात खोल रुतून वाहतात आणि पावसाने त्या गाळाच्या काठांना घळी पडतात. मोरगावजवळच्या अशा घळींमध्ये पिवळसर मातीच्या मधोमध ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर उघडा पडला आहे. ही राख म्हणजे चुलीतील राख नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली ती काचेच्या बारीक, वक्र कपच्यांसारखी दिसते, कारण स्फोटाच्या वेळी वायूचे बुडबुडे फुटून वितळलेल्या खडकाचे जे तुकडे उडतात तेच थंड होऊन तिचे कण बनतात. दख्खनचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्याची नाही. ती सुमात्रा बेटावरील टोबा या ज्वालामुखीची आहे, आणि तिच्या परिसरातील गाळात अश्यूलियन परंपरेची, म्हणजे हातकुऱ्हाडी व फरश्या घडवणाऱ्या पुराश्मयुगीन मानवाची, दगडी हत्यारे सापडतात.

वाद राखेच्या वयाचा आहे आणि त्याची सुरुवात कऱ्हेवर नव्हे, तर जुन्नर भागातील कुकडी नदीकाठच्या बोरी येथे झाली. तेथील राखेचे वय पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने, म्हणजे किरणोत्सारी पोटॅशियमपासून तयार होऊन खनिजात साठलेल्या आरगॉन वायूच्या मापनाने, सुमारे १४ लाख वर्षे असल्याचे १९८९ मध्ये जाहीर झाले, आणि भारतातील मानवाच्या इतिहासाची पाटी पुसून नव्याने लिहावी लागणार असे वाटू लागले. १९९५ मध्ये डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वय सुमारे ६ लाख ७० हजार वर्षांवर आणले. त्याच वर्षी शेन, वेस्टगेट आणि रवी कोरिसेट्टर यांच्या गटाने काचेच्या रासायनिक घटकांवरून ही राख टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या, महास्फोटाची असल्याचे मांडले. १४ लाखांचे वय जाहीर करणाऱ्यांत कोरिसेट्टर हेही होते, ही गोष्ट संशोधकाच्या प्रामाणिकपणाची म्हणून नोंदवायला हवी. १९९८ मध्ये वेस्टगेट यांच्या गटाने हाच निष्कर्ष द्वीपकल्पातील टोबाच्या सर्व राखेला लावला आणि प्रकरण मिटल्यासारखे झाले.

ते पुन्हा उघडण्यात मोरगावचा वाटा आहे. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची शेवटची अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. त्याआधी साचलेल्या गाळातील लोहकणांची दिशा आजच्या उलट असते. सांगोडे, मिश्रा व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बोरी आणि मोरगाव येथील गाळात अशी उलटी दिशा आढळल्याचे प्रसिद्ध केले. टोबाचा आठ लाख वर्षांच्या आसपासचा आणखी एक जुना महास्फोट ज्ञात आहे, त्यामुळे राख त्या स्फोटाची असणे अशक्य नाही. तसे असल्यास कऱ्हेकाठची हत्यारेही तितकीच प्राचीन ठरतात. रसायनवाले काचेकडे पाहतात, पुरातत्त्ववाले तिच्याभोवतीच्या मातीकडे, आणि दोघांच्या मध्ये नदी आहे, जी जुन्या गाळात नवी घळ पाडून तीत नवी राख भरू शकते. या शेवटच्या शक्यतेला दोन्ही बाजूंनी पुरेसा मान दिलेला दिसत नाही.

दुसरा पांढरा थर क्षारांचा, काटेवाडीच्या बाजूचा आहे. तो कालव्याच्या पाण्याने वर आणला, त्यामुळे त्याच्या वयाबद्दल मात्र कोणताही वाद नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी वाहू लागले. भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदीवर बांधलेल्या धरणातून नीरेत सोडलेले पाणी वीरच्या बंधाऱ्यावर वळवून सुमारे १६० किलोमीटर लांबीचा हा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून नेला. वाटेत त्याला कऱ्हाही ओलांडावी लागते. तेव्हापासून बारामती तालुक्याचे बोलीत दोन भाग झाले. कऱ्हेच्या वरच्या अंगाचा मोरगाव-सुप्याकडचा भाग 'जिरायत' राहिला आणि कालव्याखालचा, काटेवाडी-सणसरच्या अंगाचा, 'बागायत' झाला. बागायतीची नदी महिन्यांनी नव्हे तर आवर्तनांनी, म्हणजे ठरावीक दिवसांनी सुटणाऱ्या पाण्याच्या पाळ्यांनी, मोजली जाते. पाटकरी चारीचे दार उघडतो तेव्हा तिला पूर येतो आणि शेजपाळीत, म्हणजे एकाला लागून दुसऱ्याच्या शेतात, आपली पाळी रात्री दोनला आली तर शेतकरी कंदील किंवा बॅटरी घेऊन रात्री दोनलाच दारे धरायला जातो.

आरंभी स्थानिक शेतकरी पाऊस बरा असला की कालव्याकडे फिरकत नसे. या पाण्याचे मोल प्रथम ओळखले ते कऱ्हाकाठच्या सासवडहून आलेल्या माळी बागायतदारांनी. त्यांनी जमिनी खंडाने घेऊन ऊस लावला, गुऱ्हाळे घातली, आणि पुढे १९३० च्या दशकात नीरा उजव्या कालव्याच्या आधाराने माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. कऱ्हेचे पाणी पुरत नाही म्हणून कऱ्हेचीच माणसे नीरेच्या पाण्यावर गेली, हा या खोऱ्याच्या इतिहासातील मोठा प्रसंग खरे तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. उसाला पाणी बेसुमार दिले जाई, कारण पाणीपट्टी पाण्याच्या मापावर नसून पिकाच्या एकरावर होती. पुण्याला कार्यकारी अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आणली: ठरावीक क्षेत्राचा गट पाडायचा, त्याच्या एकतृतीयांश भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्यात कमी पाण्याची पिके, आणि ही पिके आळीपाळीने फिरवायची. खानदेशातील फड पद्धतीशी तिचे साम्य उघड आहे; विश्वेश्वरय्यांची सुरुवातीची नोकरी त्याच मुलखात झाली होती.

तोवर खाली मातीत जे व्हायचे ते सुरू झाले होते. या भागात काळ्या चिकण मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ असतो. कातळ झिजताना सुटणारा सोडियम कमी पावसात वाहून जात नाही, खाली दडून राहतो. कालव्याचा पाझर आणि उसाचे जादा पाणी यांनी भूजल वर आले की ते क्षार विरघळवून केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, पृष्ठभागावर आणते, पाणी उडून जाते आणि पांढरी खपली उरते. शेतकऱ्याच्या भाषेत आधी रान 'उपळते', मग त्याला 'खार फुटते' आणि शेवटी ते 'चोपण' होते. खारवट आणि चोपण या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि हा भेद टिपण्याचे श्रेय बोलीचे आहे: खारवट जमिनीतील विरघळणारे क्षार निचरा असला तर पाण्याने धुऊन निघतात, चोपण जमिनीत मात्र सोडियम मातीच्या कणालाच चिकटून बसतो आणि जिप्सम घालून त्याला हुसकल्याशिवाय ती सुधारत नाही. अशी जमीन ओली असताना साबणासारखी बुळबुळीत होते आणि वाळली की नांगराचा फाळ उसळतो. उसाला जागोजागी नांग्या पडतात आणि उगवलेल्या पानांच्या कडा करपतात.

या दुखण्यावरील महत्त्वाचा दस्तऐवज १९१० चा आहे. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केलेली 'नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनी' अशा अर्थाच्या नावाची ती पुस्तिका पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी लिहिली. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे भरत असतानाच सरकारच्याच एका खात्याने दुसऱ्या खात्याच्या अभिमानाच्या कामाखालची माती रसायनशाळेत तपासावी, ही गोष्ट धाडसाची होती. मान यांचे नाव पिंपळे सौदागरच्या ग्रामपाहणीमुळे अभ्यासकांच्या तोंडी आहे. तम्हाणे बहुधा तळटिपेत भेटतात. अठरा वर्षांनी, १९२८ मध्ये, क्लॉड इंग्लिस आणि व्ही. के. गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांखालील निचऱ्याच्या कामांवर टिपण प्रसिद्ध केले. इंग्लिस पुढे 'सर' झाले, खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. गोखल्यांच्या वाट्याला सहलेखकाची आद्याक्षरे आली.

उपाय ऐकायला साधा आहे. काळ्या मातीतून पाणी आडवे फारसे सरकत नाही, ते मुरमातून सरकते. म्हणून निचऱ्याचा चर वरवर खणून भागत नाही, तो मुरमाला भिडेल इतका खोल आणि सखल भागातून गेला पाहिजे. अडचण अशी की चर एका शेतकऱ्याच्या रानातून जातो आणि रान दुसऱ्याचे सुधारते, शिवाय चर बुजवून दोन सरी ऊस वाढवण्याचा मोह बांधकोरीइतकाच जुना आहे. आता उघड्या चराऐवजी छिद्रे पाडलेले नळ जमिनीखाली टाकतात. माळेगाव खुर्दच्या मुरमाड माळावर २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. अवर्षण, उष्णता आणि क्षार असे निर्जीव कारणांनी पिकांवर येणारे ताण हा तिचा विषय आहे.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी उंडवडीच्या जिरायतीतून बारामतीत उतरते आणि दुसऱ्या दिवशी काटेवाडीला पोचते. राजकारणामुळे सर्वांना ठाऊक असलेल्या या गावात परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगरांच्या मेंढ्या तिच्याभोवती रिंगण धरतात. मेंढरू हे जिरायत मुलखाचे धन, आणि त्याचे रिंगण होते ते उसाच्या शिवारात. तेथून जवळच कालव्याखालच्या रानांतले चर ओढ्यांना मिळतात, ओढे नीरेला. चरांनी धुऊन काढलेला क्षार पाण्यात दिसत नाही. तो नीरेबरोबर इंदापूर तालुका ओलांडून नरसिंहपूरला भीमेत जातो, आणि वाटेत त्याच पाण्यावर नदीकाठच्या मोटारी पुढच्या रानातला ऊस भिजवतात.