नारायणगावचा फड आणि लाल बावट्याचे लोकनाट्य

तमाशाचे दोन प्रकार मानले जातात: गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने रंगणारा ढोलकी फड आणि लावणीला प्राधान्य देणारी संगीतबारी. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे पहिल्याचे माहेरघर.

नवे नाव: अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर या कम्युनिस्ट शाहिरांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापले. त्यात तमाशाचा सांगाडा कायम राहिला, मात्र गणातील गणेशस्तवनाऐवजी मातृभूमी व श्रमिकांना वंदन आले, गवळण गळाली आणि वगात राजाच्या जागी सावकार, मालक व पुढारी उभे राहिले. तमाशाचे हे बदललेले रूप म्हणजेच 'लोकनाट्य'.

पुढे: पथके विरली तरी नाव टिकले, आणि पक्षाशी संबंध नसलेल्या फडांच्या पाट्यांवरही 'लोकनाट्य तमाशा मंडळ' अशी ठळक अक्षरे आली.

नारायणगावच्या फडातील नामवंत तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२): राष्ट्रपती पुरस्कार, १९५७ व १९९०.

सुपारी: यात्रेतील खेळाचा करार. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तेथेच बसून तारीख व रक्कम ठरवतात.